पणतीची वात आणि पागेचे गवत

दिवाळी आली की आमच्या अंगणात अजूनही किल्ला होतो. पूर्वी आम्ही भावंडे करीत होतो, आता नातवंडे करतात. दगड-विटांचा ढीग, त्यावर पोते, पोत्यावर लाल मातीचा चिखल, उतारावर पेरलेली मोहरी, आणि सर्वांत वर सिंहासनावर बसलेले महाराज. मावळ्यांच्या हातांत भाले, बुरुजावर तोफ, दरवाजावर भगवा. साठ वर्षांत यात फारसे काही बदललेले नाही. आमची राष्ट्रसंरक्षणाची कल्पनाही साठ वर्षांत या किल्ल्यापलीकडे फारशी गेलेली नाही, असे मी म्हटले तर रागावू नका. मी आज सणाच्या दिवशी भांडायलाच बसलो आहे. पण ते भांडण घरातल्याच माणसांशी आहे.

१९६३ च्या दिवाळीत मी नऊ वर्षांचा होतो. माझे धाकटे चुलते, ज्यांना आम्ही तात्या म्हणत असू, त्या वर्षी लष्करातून घरी आले ते काठी टेकीत. ते लढणाऱ्या पलटणीत नव्हते. रसद वाहणाऱ्या खेचरांच्या कंपनीत होते. आदल्या वर्षीच्या हिवाळ्यात ईशान्य सरहद्दीवर हिमदंशाने त्यांच्या उजव्या पायाची दोन बोटे गेली होती. मी मोठ्या अभिमानाने त्यांना ओढत किल्ल्यापाशी नेले. फौजी माणूस किल्ला बघणार, याहून मोठा मान कोणता?

तात्यांनी काठीवर भार देऊन किल्ला नीट न्याहाळला आणि म्हणाले, “झ्याक झालाय. पर गड्या, पाण्याचं टाकं कुठं हाय?”

मी गप्प.

“बरं, दाणागोटा कुठं ठिवलायस?”

मी पुन्हा गप्प. “मग ह्ये मावळं खात्यात काय? तुझी मोहरी?” असे म्हणून ते हसले आणि घरातली सगळीच मंडळी हसली. मला भयंकर राग आला. मी ओरडलो, “तात्या, मावळे शूर असतात!”

तात्यांचे हसू एकदम मावळले. “शूर व्हते रं,” ते म्हणाले, “समदे शूर व्हते.” आणि काठी टेकीत आत निघून गेले.

ते मातीच्या मावळ्यांबद्दल बोलत नव्हते, हे कळायला मला पुढे पुष्कळ वर्षे लागली.

आपण महाराजांची पूजा करतो. पण त्यांची पत्रे वाचीत नाही. चिपळूणच्या बाजूला छावणी करून राहिलेल्या आपल्या लष्करातील अंमलदारांना त्यांनी लिहिलेले एक पत्र प्रसिद्ध आहे. त्यात रणगर्जना नाही. आहे ते सगळे गवतदाण्याविषयी. पागेसाठी साठवलेला दाणा आणि वैरण आताच बेहिशेबी उधळलीत तर पावसाळ्यात काही उरणार नाही, घोडी मरतील आणि ती तुम्हीच मारली असे होईल. मग तुम्ही रयतेच्या घरात शिराल आणि रयतेला वाटेल की यांच्यापेक्षा मोगल बरे. एवढ्यावर हा राजा थांबत नाही. रात्री दिवा तसाच जळत ठेवाल, उंदीर पेटती वात उचलून नेईल, गवताला आग लागेल. आणि मग कोणाची मुंडकी मारली तरी जळलेले गवत काही परत येणार नाही, असा त्याचा भावार्थ आहे. ज्याला औरंगजेबाशी झुंजायचे होते, त्याचे लक्ष उंदराने पळवलेल्या वातीवर होते! माझ्या मते सेनापतित्वावरचा याहून मोठा धडा मराठीत लिहिला गेलेला नाही. आणि आपल्या घराघरांत भवानी तलवारीची गोष्ट जितकी सांगितली जाते, तितकी या गवताची कधी सांगितली जात नाही.

हे गवत विसरल्याची किंमत आपण मोजली आहे. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर भाऊसाहेब, विश्वासराव आणि असंख्य माणसे पडली. शौर्य कमी पडले, असे शत्रूनेही म्हटले नाही. पण त्याआधीच दिल्लीच्या दिवाण-इ-खासचे चांदीचे छत उतरवून पगार भागवण्याची पाळी आली होती. लढणाऱ्यांबरोबर न लढणाऱ्यांचा आणि यात्रेकरूंचा प्रचंड जमाव होता, त्यांच्याही तोंडी घास घालायचा होता. रसदेची भिस्त असलेले गोविंदपंत बुंदेले डिसेंबर १७६० मध्ये मारले गेले. दक्षिणेची वाट शत्रूने अडवली होती. शेवटी फौज लढायला निघाली ती जिंकण्याची वेळ आली म्हणून नव्हे, छावणीत उपाशी मरण्यापेक्षा रणात मरू म्हणून. आपण या सगळ्याला ‘नशीब’ म्हणतो आणि विश्वासरावांना गोळी लागली नसती तर काय झाले असते, यावर रात्र रात्र गप्पा मारतो. गोळीवर बोलणे सोपे असते. पोत्यांचा हिशेब मागणे अवघड.

आता १९६२ कडे या. त्या वर्षी जूनमध्ये थागला डोंगररांगेच्या खाली, नामका चू नावाच्या ओढ्याजवळ धोला येथे आपली एक चौकी बसली. चिनी वर डोंगरावर, आपण खाली ओढ्याच्या काठी. दहा हजार फुटांहून उंचावरची ती जागा, रस्ता नाही. विमानातून टाकलेली रसद अनेकदा दरीत जाऊन पडे. ब्रिगेडियर जॉन दळवी यांच्या सातव्या ब्रिगेडमधील पुष्कळ जवानांच्या अंगावर उन्हाळी कपडे आणि पायांत कापडी बूट होते. अशा स्थितीत चिन्यांना डोंगरावरून हुसकावून लावण्याचा हुकूम निघाला.

हे चालणार नाही, असे कोणी म्हटलेच नाही काय? म्हटले होते. त्या भागाच्या कोअरचे प्रमुख लेफ्टनंट जनरल उमराव सिंग यांनी दारूगोळा, अन्न, कपडे यांचा हिशेब मांडून दाखवला होता. त्या हिशेबाचे उत्तर काय मिळाले? ती आघाडी त्यांच्याकडून काढून घेण्यात आली, नवी कोअर उभी राहिली आणि तिच्यावर जनरल कौल आले. गवत मोजणारा माणूस बाजूला झाला. १२ ऑक्टोबरला सिलोनला जाताना पंतप्रधान नेहरूंनी वार्ताहरांना सांगितले की, आपला प्रदेश मोकळा करण्याचे आदेश लष्कराला दिलेले आहेत. कौल आघाडीवर आजारी पडून दिल्लीला आले आणि अंथरुणावरून हुकूम सोडू लागले. २० ऑक्टोबरच्या पहाटे, ऐन दिवाळीच्या तोंडावर, चिनी फौज डोंगरावरून उतरली. ब्रिगेड काही तासांत विस्कटली. दोन दिवसांनी दळवी स्वतः कैद झाले.

घटना होऊन गेल्यावर शहाणपण सुचते, असे कोणी म्हणेल. म्हणूनच मी उमराव सिंगांचे नाव घेतले. त्यांचे शहाणपण आधीचे होते. त्याच्याही आधी, १९५९ मध्ये, लष्करप्रमुख थिमय्या यांनी संरक्षणमंत्र्यांशी पटेना म्हणून राजीनामा दिला होता आणि पंतप्रधानांनी तो परत घ्यायला लावला होता. घरात धूर येत होता. नाकावर रुमाल धरून बसायचे ठरले होते, इतकेच.

लष्कराने मुलकी सत्तेच्या आज्ञेत राहावे, हे शंभर हिश्शांनी खरे. आपल्या शेजारच्या देशांत ते न झाल्याचे फळ आपण पाहतो. परंतु आज्ञा देण्याचा हक्क ज्याचा, त्याच्यावरच नकोसे ऐकून घेण्याची जबाबदारी असते. होयबांच्या घोळक्यात बसलेला नेता लोकांनी निवडलेला असला म्हणून कमी धोक्याचा होत नाही.

आता खरे भांडण. १८ नोव्हेंबर १९६२ ला लडाखमधल्या रेझांग ला येथे मेजर शैतान सिंग आणि त्यांची तेराव्या कुमाऊंची तुकडी सोळा हजार फुटांवर लढली. सुमारे १२० जवानांपैकी शंभरावर तिथेच पडले. त्यांच्यापुढे मस्तक आपोआप लवते. पण मधल्या डोंगरामुळे आपल्या तोफांचा मारा त्यांच्या मदतीला पोचू शकत नव्हता, हे किती भाषणांत सांगितले जाते? आपल्याकडे हुतात्म्याच्या गळ्यातला हार फार उपयोगी पडतो. तो इतका मोठा करतात की त्याच्या आड चुकणारे सगळे लपून जातात. आणि कोणी विचारले, ‘हे का झाले?’, तर त्यालाच दटावतात: जवानांचा अपमान करता? अहो, जवानाचा अपमान प्रश्नाने होत नाही. बर्फात कापडी बूट घालून उभे केल्याने होतो.

२१ नोव्हेंबर १९६२ ला यशवंतराव चव्हाणांनी संरक्षण खात्याची सूत्रे घेतली. हिमालयाच्या हाकेला सह्याद्री धावला, असे म्हणून आपण महाराष्ट्रीय माणसे अजून छाती फुगवतो. मीही फुगवतो. पण सह्याद्री धावून गेला आणि त्याने केले काय, हे विचारा. सेनाप्रमुखांबरोबर नियमित बैठकी सुरू केल्या. पर्वतात लढणाऱ्या डिव्हिजन उभ्या करण्याचे आणि संरक्षणाच्या पंचवार्षिक योजनेचे काम लावून धरले. पराभवाच्या चौकशीचा सारांश २ सप्टेंबर १९६३ ला संसदेपुढे ठेवला. सगळी रुक्ष कामे! पोवाडा होईल असे त्यात काही नाही. पण १ सप्टेंबर १९६५ ला छांब भागात पाकिस्तानी रणगाडे घुसले, तेव्हा लष्कर आणि हवाई दलाच्या प्रमुखांनी विमाने वापरण्याची परवानगी मागितली आणि चव्हाणांनी ती जागच्या जागी दिली. १९६२ मध्ये लढाऊ विमाने जमिनीवरच राहिली होती. ते काही मिनिटांतले धैर्य तीन वर्षांच्या रुक्ष बैठकींतून आले होते.

१९७१ चेही तेच. पूर्व बंगालमधून निर्वासितांचे लोंढे येत होते, लगेच चढाई करा म्हणून ओरड चालली होती. आपण एप्रिलमध्ये मंत्रिमंडळापुढे ‘आता नाही’ असे स्पष्ट सांगितल्याची हकीकत माणेकशांनी पुढे स्वतः सांगितली आहे: पावसाळ्यात तिथल्या नद्या समुद्र होतात, आणि हिमालयातल्या खिंडी बर्फाने बंद होईपर्यंत चीनची धास्ती राहते. इंदिरा गांधींना ते कडू लागले असेल. पण त्यांनी ते गिळले. युद्ध डिसेंबरमध्ये झाले, तेरा दिवसांत संपले, ढाका पडले आणि सुमारे ९३ हजार जण शरण आले. एकाने ‘नाही’ म्हटले आणि दुसऱ्याने ऐकले, या दोन गोष्टींचा तो विजय आहे. आपण मात्र एकाच माणसाला देव करण्याच्या नादात दुसऱ्याला विसरतो. कोणाला विसरायचे, ते आपल्या पक्षावर ठरते.

पक्षाचे नाव निघालेच आहे तर सांगतो. १९६२ च्या पराभवाची चौकशी लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडियर भगत यांनी केली. त्यांचा अहवाल १९६३ पासून सरकारच्या कपाटात आहे. त्याचा काही भाग २०१४ मध्ये एका परदेशी पत्रकाराने लोकांपुढे ठेवला. आपल्या सरकारने मात्र तो अधिकृतपणे प्रसिद्ध केलेला नाही. किती पक्षांची सरकारे आली आणि गेली! कुलपाची किल्ली मात्र सगळ्यांनी इमानाने एकमेकांच्या हाती दिली. उद्याचे बेत गुप्त असावेत, याला माझी ना नाही. परंतु साठ वर्षांपूर्वीच्या चुका कोणापासून लपवायच्या? चिन्यांना त्या पहिल्याच दिवशी ठाऊक होत्या. ठाऊक नाहीत त्या आपल्यालाच. १९९९ च्या कारगिल युद्धानंतर के. सुब्रह्मण्यम यांच्या समितीचा अहवाल, काही भाग वगळून का होईना, २००० मध्ये संसदेपुढे आला. आकाश कोसळले नाही. तिन्ही दलांत मेळ घालणारा प्रमुख नेमावा ही शिफारस त्याच विचारमंथनातून २००१ मध्ये पुढे आली, आणि तो प्रत्यक्ष नेमला गेला २०२० च्या उंबरठ्यावर. उघड झालेल्या शहाणपणाला इतकी वर्षे लागतात. कपाटातल्याला किती लागतील?

दोष फक्त दिल्लीचा नाही. मे २०२५ मधल्या संघर्षाच्या त्या चार दिवसांत काही वृत्तवाहिन्यांनी शत्रूची शहरे रातोरात पाडून दाखवली, आणि आपण चहाचा कप हातात घेऊन टाळ्या पिटल्या. माझ्याच घरात एकाने मोबाइलवर तीन मोहिमा आखल्या. खोट्या विजयाला टाळी देणाऱ्या लोकांना खरा हिशेब कोण देईल, आणि का देईल? नेते आकाशातून पडत नाहीत. जे आपण मागतो, ते देणारे नेते आपल्याला मिळतात. आपण गर्जना मागितली, गर्जना मिळाली. आपण गवत मागितलेच नाही.

तात्या १९८८ मध्ये गेले. आपल्या पायाबद्दल त्यांनी कधी तक्रार केली नाही, कोणाला शिव्या दिल्या नाहीत. दिवाळीत किल्ल्यासमोर दोन मिनिटे उभे राहत आणि दर वर्षी तोच प्रश्न विचारीत. पुढे मी टाके करू लागलो. नारळाची करवंटी पुरायची आणि तीत पाणी भरायचे. चिमणीएवढ्या कोठारात तांदळाचे दाणे ठेवायचे. ते पाहून ते नुसती मान हलवीत.

तेव्हा माझी एक विनंती आहे. या दिवाळीत फराळाला कोणाच्या घरी जाल, अंगणात किल्ला असेल. महाराजांना मुजरा करा, पोरांच्या पाठीवर थाप मारा. आणि मग खाली बसून त्यांना विचारा, पाणी कुठे आहे, दाणा कुठे आहे, आणि रात्री पणती कोण विझवतो. पोरे थोडी रागावतील. रागावू द्या. त्यांतलेच एखादे उद्या संसदेत बसेल, एखादे डोंगरावरच्या चौकीत उभे राहील. पहिल्याला हा प्रश्न विचारायची सवय नसली, तर दुसऱ्याच्या पायाची बोटे जातात.