वीट थापणारे हात उद्या काय करतील?



दिवाळी झाली की मुरबाड-शहापूरच्या आपल्या वाड्या ओस पडतात. पोरंबाळं, भांडीकुंडी घेऊन आपण भिवंडी-कल्याणच्या वीटभट्टीवर जातो. ठाणे, कल्याण, डोंबिवली आपण थापलेल्या विटेवर उभी राहिली.

आता तिथल्या टॉवरला आपली वीट नको झालीय. कारखान्यात सिमेंट, चुना आणि वीजकेंद्राची राख कालवून हलके ब्लॉक निघतात. लोक त्याला सिपोरेक्स म्हणतात. कालवणं, कापणं, सगळं मशीन करतं. काही ठिकाणी तर अॅल्युमिनियमचे साचे लावून अख्खी भिंतच काँक्रीटची ओततात. राख वापरायचा सरकारी नियमही १९९९ पासून आहे. शेताची वरची माती वाचावी हा त्याचा हेतू, तो वाईट नाही.

मग भट्टी बंद होणार म्हणून रडायचं काय? आम्ही म्हणतो, नाही. पावसाळ्यात उचल घ्यायची, आठवड्याला खर्ची घ्यायची, नवरा-बायकोने रात्रीपासून राबायचं, आणि हिशेबाला मालक म्हणणार, अजून फिटली नाही. पोरांची शाळा गेली ती वेगळीच. असल्या कामाचं सुतक आम्ही पाळणार नाही.

पण काम गेलं म्हणजे माणूस सुटला, असं होत नाही. कातकरी हे नाव कातावरून पडलं. इंग्रजांनी जंगल ताब्यात घेतलं, खैर तोडायला बंदी आली, कात गेला. मग कोळसा पाडला, तोही गेला. मग वीट आली. दरवेळी धंदा दुसऱ्याने बंद केला आणि आपण नवा मालक शोधला. का? तर पायाखाली जमीन आपली नव्हती.

यावेळी तसं होऊ द्यायचं नाही. म्हणून आमचं म्हणणं असं:

एक, मशीन आलं तरी मालक जुनी उचल मागायला येईल. वेठबिगारीत अडकवणारं कर्ज १९७६ च्या कायद्याने रद्द आहे. एकट्याने बोलू नका, संघटनेत या.

दोन, २००६ च्या वनहक्क कायद्याचे दावे पुरे करा. आपण भट्टीवर असतो तेव्हाच मोजणी होते आणि घर बंद दिसतं. घरातलं एक जाणतं माणूस गावात राहिलंच पाहिजे.

तीन, रोजगार हमीचं काम लेखी मागा, पोच घ्या. १५ दिवसांत काम नाही तर बेकारी भत्ता, हा कायदा आहे.

चार, घरकुलाची वीट व्यापाऱ्याकडून का घ्यायची? वीट आपल्याला येते. बांबू हे कायद्याने गौणवनउपज आहे, त्यावर आपला हक्क आहे. कारवीचा कूड आपल्या म्हाताऱ्यांना अजून बांधता येतो. गावचं घरकुल गावच्या हाताने, गावच्या मजुरीने व्हावं, असा ठराव ग्रामसभेत घ्या.

शहराची घरं मशीन बांधेल तर बांधू दे. आपलं घर आणि आपलं शेत मशीनवर सोडायचं नाही.

जंगल-जमीन आमच्या हक्काची, नाही कुणाच्या बापाची!
जिंदाबाद!