कोरे पान कोणी द्यावयाचे?

परधर्मीयांच्या पाठशाळांची उठाठेव तुम्हांस कशाला, असे आम्हांस कोणी विचारील. विद्येच्या प्रांतात हा भेद आम्ही मानीत नाही. शिवाय जावा बेटावरील ज्या इस्लामी निवासी पाठशाळांविषयी आम्ही लिहीत आहोत, त्यांच्या ‘पेसांत्रेन’ या नावातील ‘सांत्री’, म्हणजे विद्यार्थी, हा शब्द काही पंडित आपल्या ‘शास्त्री’शीच जोडतात.

या पाठशाळांतून वाचनलेखनाची गोडी लागावी असे म्हणणाऱ्या कित्येकांचा सूर असा असतो की, जणू तेथे अक्षरशत्रूच नांदतात! वस्तुस्थिती निराळी आहे. गुरू अरबी ग्रंथ वाचून त्याचा शब्दशः अर्थ जावानी भाषेत सांगतात आणि शिष्य तो अर्थ अरबी लिपीतच, दोन ओळींमधल्या जागेत, तिरका लटकता लिहून घेतात. कागदाच्या रंगावरून या ग्रंथांस ‘पिवळी पुस्तके’ म्हणतात. वर्षानुवर्षे अशा जागा भरणाऱ्यास लेखणी परकी कशी म्हणावी?

उणीव आहे ती ही की, ती लेखणी दुसऱ्याच्या ओळीखालीच चालते. कपाटभर पुस्तके दान करून हे पालटणार नाही. कपाटाची किल्ली व्यवस्थापकाच्या कनवटीला असेल, तर मुळीच नाही.

शिष्याने पाठ करावे, स्वतः लिहिणे हे धाष्टर्य होय, असा एक पक्ष आहे. त्यास आमचा प्रश्न: बांतेनच्या नववींनी (१८१३–१८९७) मक्केत राहून अरबीत रचलेल्या टीका आज याच पाठशाळांत पढविल्या जातात ना? तेही कधी काळी शिष्यच होते. १८९९ साली तेबूइरेंगची पाठशाळा स्थापणारे हाशिम अश्अरी स्वतः ग्रंथकार. त्यांचे नातू अब्दुर्रहमान वाहिद यांनी ‘तेम्पो’ साप्ताहिकात खुसखुशीत लेख लिहिले आणि १९९९ साली ते राष्ट्राध्यक्ष झाले. गोन्तोरच्या पाठशाळेत शिकलेल्या अहमद फुआदी यांनी तर तेथल्या वसतिजीवनावरच कादंबरी रचली. ती २००९ साली निघाली. यांपैकी कोणाची श्रद्धा लेखणीने उणावली?

म्हणून आमची मागणी एवढीच. पाठ संपल्यावर शिष्याने आपणांस काय उमगले आणि काय उमगले नाही, ते आपल्या भाषेत, कोऱ्या पानावर लिहावे, आणि गुरूंनी ते वाचावे. पहाटेच्या नमाजापासून रात्रीच्या पाठापर्यंत तेथला दिवस भरलेला असतो, हे आम्ही जाणतो. एखादा पाठ कमी करावा लागला तरी चालेल.