मुहूर्तावर काढलेलं बाळ

मंडळी, आजचं लिखाण घरातल्या काही जणांना झोंबेल. झोंबू दे. पहिली दोषी मीच आहे.

धाकट्या सुनेचं बाळ पायाळू होतं, त्यामुळे सिझेरियन ठरलेलंच होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घाई नाही, ३९ आठवडे भरू द्या. पण पंचांग घेऊन गुरुजींकडे कोण गेलं? मी! मुहूर्त निघाला बारा दिवस आधीचा. आम्ही सगळ्यांनी मिळून डॉक्टरीणबाईंच्या इतकं मागे लागलो की शेवटी त्यांनी मान डोलावली.

बाळ रडलं, पेढे वाटले. तासाभरात त्याचा श्वास भराभर चालायला लागला. नाकपुड्या फुललेल्या, बरगड्या आत ओढल्या जाताहेत, कण्हल्यासारखा आवाज. नवजात बाळ मिनिटाला ४० ते ६० श्वास घेतं, याचे ८० च्या वर. रवानगी काचेच्या पेटीत.

मुलांच्या डॉक्टरांनी छान समजावलं. पोटात असताना बाळाच्या फुप्फुसात पाणीच असतं. कळा सुरू झाल्या की शरीरातल्या संप्रेरकांमुळे ते पाणी शोषलं जायला लागतं. कळांशिवाय, त्यातही वेळेआधी बाळ काढलं, तर ते मागे रेंगाळण्याचा धोका वाढतो. उपाय म्हणजे नाकातून ऑक्सिजन, शिरेतून सलाईन आणि जंतुसंसर्ग नाही ना यावर लक्ष. धाप असताना दूध श्वासनलिकेत जाण्याची भीती, म्हणून तोंडाने काही नाही.

इकडे नातेवाईक सुरू! "हिनं दही खाल्लं असेल." "दृष्ट लागली." "बोटभर मध चाटवा." जिच्या पोटावर टाके, तिलाच बोल! मुहूर्त काढणाऱ्या सासूला मात्र कुणी काही बोललं नाही.

तिसऱ्या दिवशी श्वास ताळ्यावर आला. बहुतेक बाळांचा दोन-तीन दिवसांत येतोच. "मग बिघडलं काय?" असं विचारणारे भेटतात. बिघडलं हे, की ती पोर तीन दिवस भिंतीला धरून काचेपर्यंत जायची नि रिकाम्या हातांनी परतायची. शिवाय काही बाळांचं दुखणं इतक्यावर भागत नाही.

आई किंवा बाळाला धोका असेल तर डॉक्टर म्हणतील तेव्हा ऑपरेशन करावंच, तिथे वाट बघायची नाही. पण सगळं ठीक असताना केवळ ग्रहांसाठी बाळाला आधी ओढून काढायचं? छत्तीस गुण जुळवणाऱ्यांना ३९ आठवडे मोजता येत नाहीत?

असो. गुरुजींनी पत्रिकेत 'दीर्घायुषी' लिहिलंय. पेटीतले ते तीन दिवस मात्र त्यांना दिसले नव्हते.