सोयीच्या लग्नाची लाज

अमेरिकेत ख्रिस्ती वाचकांसाठी 'प्रेरणादायी' म्हणून ज्या प्रणयकादंबऱ्या छापल्या जातात, त्यांतल्या एकोणिसाव्या शतकातील पश्चिमेवर बेतलेल्या कथांचा एक साचा ठरून गेला आहे. उघड्या माळरानावर निराधार स्त्री, पोरक्या मुलीचा विधुर बाप, तोंडावर आलेला हिवाळा. मग सोयीचे लग्न, निजण्याच्या वेगळ्या जागा, आणि यथावकाश प्रेम व श्रद्धा यांचा एकत्रित साक्षात्कार. जॅनेट ओक यांच्या 'लव्ह कम्स सॉफ्टली' (१९७९) या कादंबरीने हा साचा लोकप्रिय केला.

या कादंबऱ्या धार्मिक आहेत, ही आमची तक्रार नव्हे. तक्रार अशी की, ज्या सोयीवर सगळा डोलारा उभा आहे, तिचीच त्यांना लाज वाटते.

ओकबाईंच्या मार्टीला, नवऱ्याला पुरले त्याच दिवशी, क्लार्क मागणी घालतो. तिला छप्पर हवे, त्याच्या मिसीला आई हवी. वसंतात पूर्वेकडे परतायचे असेल तर भाडे मी देईन, असा शब्दही तो देतो. हा करार विलक्षण आहे. (आपल्याकडच्या ठरवून केलेल्या लग्नांशी याची गल्लत नको, इथे वडीलधाऱ्यांची बैठक नाही, गरजवंत दोघे समोरासमोर अटी ठरवतात.) धीट कादंबरीकार इथेच रेंगाळला असता. पण वसंत येईतो त्या भाड्याला अर्थच उरत नाही. परतीची वाट ठेवली, ती मार्टी तिने जाणार नाही हे दाखवण्यापुरतीच! पुढे सारे श्रेय ईश्वरी योजनेला. अडचणीत सापडलेल्या स्त्रीने शहाणपणाने घेतलेला निर्णय, सातबाऱ्यावर फेरफार व्हावा तसा, परस्पर देवाच्या नावे चढतो.

सातबारा उगाच आठवला नाही. ऑरेगनमध्ये १८५० च्या कायद्याने आधीपासून स्थायिक असलेल्या एकट्या गोऱ्या पुरुषाला ३२० एकर जमीन मिळे. १ डिसेंबर १८५१ पर्यंत लग्न केले तर जोडप्याला ६४०, त्यातली निम्मी बायकोच्या स्वतःच्या नावे. साहजिकच लग्नांची घाई उडाली आणि अगदी कोवळ्या मुलीही बोहल्यावर चढल्या. जमीन मुळात कालापुयांसारख्या मूलनिवासींची. त्यांच्याशी तह पक्के होण्याआधीच ती वाटली गेली. पुढे १८६२ च्या होमस्टेड कायद्याने विधवेला किंवा एकवीस वर्षांच्या अविवाहितेला १६० एकरांवर स्वतः हक्क सांगता येऊ लागला. नवऱ्याजवळ नांदणाऱ्या स्त्रीला मात्र सहसा नाही. म्हणजे माळावरच्या विधवेने 'हो' म्हणताना काय मिळवले आणि काय सोडले, याचा हिशेब खराखुरा होता. तो मांडणारी नायिका या साच्यात बसत नाही. तिच्या पदरी उपकृत होणे तेवढे येते.

करमणुकीच्या पुस्तकांकडून एवढी अपेक्षा कशाला, असे कुणी म्हणेल. 'प्राइड अँड प्रेज्युडिस' (१८१३) हीसुद्धा गोड शेवटाची प्रेमकथाच आहे. तीत सत्तावीस वर्षांची शार्लट केवळ हक्काच्या घरासाठी कॉलिन्स या बावळट धर्मोपदेशकाशी लग्न करते. ऑस्टिन तिला पुढे नवऱ्याच्या प्रेमात पाडत नाही, की शिक्षाही करत नाही. शार्लट आपल्या बसण्याउठण्यासाठी घराची मागची खोली निवडते. समोरची निवडली असती तर नवरा सारखा तिथेच येऊन बसला असता. ही युक्ती ऑस्टिन शार्लटच्याच खात्यावर ठेवते, आणि ऑस्टिन तर स्वतः धर्मोपदेशकाची मुलगी होती.