ब्रेक्झिटचा हिशेब : संघ सोडल्यावर काय उरते?

23 जून 2016 रोजी ब्रिटनमध्ये सार्वमत झाले. 51.9 टक्के मतदारांनी युरोपीय संघ सोडण्याचा कौल दिला. 31 जानेवारी 2020 रोजी ब्रिटन संघातून बाहेर पडला. हा गोऱ्यांचा आपसातला वाद आहे, आपला काय संबंध, असे आपल्यातील अनेकांना वाटते. पण राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती घेऊन आपल्या वस्त्यांमधली मुले-मुली ब्रिटनला शिकायला जातात, काही तिथे नोकरीही करतात. म्हणून हा हिशेब आपणही मांडला पाहिजे.

राग खरा, निदान खोटे

संघ सोडा म्हणणाऱ्यांमध्ये जुन्या औद्योगिक भागांतील कामगार मोठ्या संख्येने होते. कारखाने बंद पडले होते, 2010 नंतर सरकारने सार्वजनिक खर्चाला कात्री लावली होती. त्यांचा राग खरा होता. पण दोष धोरणांवर न जाता स्थलांतरितांवर गेला. सार्वमतानंतर जुलै 2016 मध्ये इंग्लंड-वेल्समध्ये नोंदवलेले वांशिक व धार्मिक द्वेषाचे गुन्हे आदल्या वर्षीच्या जुलैपेक्षा 41 टक्क्यांनी जास्त होते.

ही पद्धत आपल्या ओळखीची आहे. सरकारी भरती बंद, कंत्राटीकरण जोरात. पण नोकऱ्या का नाहीत असे विचारले की बोट आरक्षणाकडे दाखवले जाते.

आश्वासने कुठे गेली?

आठवड्याला 35 कोटी पौंड युरोपला जातात, ते आरोग्यसेवेला देऊ, अशी घोषणा लिहिलेली लाल बस प्रचारात फिरली. ब्रिटनला मिळणारी सूट त्यातून वजाच केलेली नव्हती. तेथील सांख्यिकी प्राधिकरणाने आक्षेप घेतला, तरी आकडा लोकांच्या डोक्यात बसला. प्रत्यक्षात युरोपशी व्यापार करताना कागदपत्रे आणि तपासण्या वाढल्या, आणि त्याचा मोठा भार छोट्या व्यावसायिकांवर पडला. दीर्घकाळात देशाची उत्पादकता सुमारे 4 टक्क्यांनी कमी राहील, असा तेथील अर्थसंकल्पीय जबाबदारी कार्यालयाचा अंदाज आहे.

युरोपीय मजुरांची वाट बंद झाली की दक्षिण आशियाई हॉटेलांना आचारी आणणे सोपे होईल, असेही सांगितले गेले. सुरुवातीला भारतासारख्या देशांतून येणाऱ्यांची संख्या वाढलीही. मग रोख आपल्याकडे वळला. जानेवारी 2024 पासून बहुतेक पदव्युत्तर विद्यार्थ्यांना कुटुंब सोबत नेता येत नाही. कुशल कामगार व्हिसासाठीची सर्वसाधारण पगारमर्यादा एप्रिल 2024 मध्ये 38,700 पौंड झाली, जुलै 2025 मध्ये 41,700. पहिल्या पिढीतला पदवीधर कर्ज काढून जातो, तेव्हा त्याच्यासाठी हा आकडा म्हणजे परतीचे तिकीट ठरू शकतो.

हक्कांचे काय?

2018 च्या संघत्याग कायद्याने युरोपीय संघाची मूलभूत हक्कांची सनद ब्रिटनच्या कायद्यातून वगळली. त्याच वर्षी जुलैमध्ये सरकारने समता कायद्यात जातीचा स्पष्ट उल्लेख करण्याचे पाऊलही मागे घेतले. 2013 मध्ये संसदेने ते बंधनकारक केले होते. या दोन निर्णयांचा थेट संबंध जोडता येणार नाही. पण धडा एकच आहे. सनद गेली की हक्क टिकवण्याचे ओझे संसदेतील बहुमतावर येते, आणि ते बहुमत अल्पसंख्याकांचे नसते.

4 नोव्हेंबर 1948 रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी ‘युनियन’ या शब्दामागचा अर्थ स्पष्ट केला होता. भारतीय संघराज्य घटक राज्यांच्या करारातून जन्मलेले नाही, म्हणून कोणत्याही राज्याला फुटून जाण्याचा अधिकार नाही. युरोपीय संघ करारावर उभा आहे, त्यामुळे त्याला बाहेरचा दरवाजा आहे. पण दरवाजा असला तरी बाहेर पडणे एका रात्रीत होत नाही. स्कॉटलंडने 62 टक्क्यांनी राहण्याचा कौल दिला होता, तरी त्याला बाहेर जावे लागले. उत्तर आयर्लंडमधल्या शांतता कराराला धक्का लागू नये म्हणून ब्रिटनला स्वतःच्याच देशांतर्गत मालवाहतुकीवर तपासण्या लावाव्या लागल्या.

तरुण मित्रांनो, परदेशी जायचे असेल तर एजंटच्या शब्दावर विसंबू नका, ब्रिटन सरकारच्या संकेतस्थळावरचे नियम स्वतः वाचा. आणि उद्या आपल्या गल्लीत कुणी मोठा आकडा रंगवलेली गाडी घेऊन आला, तर आधी विचारा : यातून काय वजा केलेले नाही?