पोलिसांचा विकल्प

1 नोव्हेंबर 2005 नंतर राज्यसेवेत आलेल्या पोलिसांचे निवृत्तिवेतन बाजाराच्या चढउतारांवर सोपविण्यात आले. जाहिरात त्या तारखेपूर्वीची, परंतु नेमणूक नंतरची, अशांना 2024 मध्ये शासनाने जुन्या योजनेचा विकल्प दिला, हे न्याय्यच झाले. नेमणुकीस विलंब सरकारने लावावा आणि दंड शिपायाने भरावा, हा कोठला न्याय? त्यांच्या मागून आलेल्यांसाठी ऑगस्ट 2024 मध्ये मंत्रिमंडळाने केंद्राची एकीकृत योजना स्वीकारली. 25 वर्षांच्या सेवेस निम्म्या वेतनाची हमी तीत आहे.

मार्च 2023 मध्ये जुन्या निवृत्तिवेतनासाठी राज्य कर्मचाऱ्यांनी संप केला. पोलिसांचे दुखणे तेच; परंतु त्यांना संपाची मुभा नाही, आणि 1966 च्या कायद्यान्वये परवानगीवाचून कामगार संघटनाही काढता येत नाही. ज्याचे तोंड कायद्याने बांधले, त्याच्या हिताची चिंता शासनानेच वाहिली पाहिजे. रात्रपाळी आणि बंदोबस्त यांत बुडालेल्या शिपायाने आयुष्यभराचा विकल्प कोणास विचारून द्यावा? 2020 मध्ये स्थापन झालेल्या मीरा-भाईंदर, वसई-विरार आयुक्तालयाने प्रत्येक पोलिसास त्याच्यापुरत्या दोन्ही योजनांचा लेखी हिशेब द्यावा, आणि विकल्पाची मुदत शासनाने तो हिशेब हाती पडल्या दिवसापासून मोजावी.