पहिल्या लसीची तारीख

मुलाला परदेशात नोकरी लागली आहे, दीड महिन्यात रुजू व्हायचे आहे, सूनबाईंचा जीव कुत्र्यात अडकला आहे; तेव्हा ‘डॉक्टरसाहेब, तेवढं सर्टिफिकेट लिहून द्या.’ ही विनंती आता फक्त पुण्या-मुंबईच्या दवाखान्यांत ऐकू येते असे नाही. बुऱ्हाणपूर, रावेर, खंडवा, भुसावळ इथल्या आपल्या वाचकांनाही ती सवयीची होऊ लागली आहे. केळी आणि पॉवरलूम यांच्यावर उभ्या असलेल्या या पट्ट्यातली मुले इंदूर, पुणे किंवा बंगळुरूला नोकरी धरतात आणि तिथून बाहेर पडतात. जर्मनीने २०२४ च्या ऑक्टोबरात कुशल भारतीयांसाठीचे वार्षिक व्हिसा वीस हजारांवरून नव्वद हजारांवर नेण्याचे जाहीर केले. म्हणजे ही वाट रुंदावतेच आहे. लोधीपुऱ्यातल्या दर्गाह-ए-हकीमीमुळे बुऱ्हाणपुराशी बांधलेल्या बोहरा कुटुंबांचे आखातात आणि पूर्व आफ्रिकेत जाणे-येणे तर पिढ्यांचे. त्यांच्याकडून विचारणा होते ती बहुधा मांजराची.

सर्टिफिकेट लिहायला दहा मिनिटे पुरतात. त्यात जे लिहायचे ते मात्र काही महिने आधी घडून गेलेले असावे लागते, आणि घोडे तिथेच पेंड खाते. कुत्रा जाणार की मागे राहणार याचा निकाल मुंबई विमानतळावर लागतो, असे पालकांना वाटते. खरे तर तो आपल्याच टेबलावर लागून गेलेला असतो: ज्या दिवशी आपण रेबीजची पहिली लस टोचली आणि कार्डावर घाईघाईने काहीतरी खरडले, त्या दिवशी.

युरोपीय संघाचेच घ्या. आधी चिप, मग लस, हा क्रम तिथे अटळ आहे. चिप आयएसओ मानकाची, पंधरा अंकी. चिपेआधी टोचलेली लस त्यांच्या हिशेबात टोचलेलीच नसते. मग ती तुम्ही स्वतः टोचली असो, वा कार्डावर पाच वर्षांचे शिक्के असोत. पिल्लू लसीच्या दिवशी किमान बारा आठवड्यांचे हवे. लसीनंतर निदान तीस दिवसांनी रक्त घ्यायचे, सीरम मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवायचे आणि रेबीजविरोधी प्रतिपिंडांचे प्रमाण, म्हणजे टायटर, मिलिलिटरला ०.५ आंतरराष्ट्रीय एकक किंवा त्याहून अधिक आले पाहिजे. एवढ्यावर संपत नाही. रक्त घेतल्या तारखेपासून पुढे तीन महिने थांबायचे. म्हणजे चिप नसलेला धडधाकट, वर्षानुवर्षे लसी घेतलेला कुत्रा आज तुमच्याकडे आला, तर आजपासून चार महिन्यांच्या आत तो फ्रँकफर्टला उतरू शकत नाही. मुलाच्या ऑफर लेटरवर दीड महिना असतो. हे गणित कोणाच्या ओळखीने सुटत नाही.

तीन महिन्यांची ही सक्ती पालकांना छळ वाटते. त्यांना कारण समजावून सांगावे. लस टोचण्यापूर्वीच विषाणू शरीरात शिरला असेल तर टायटर उत्तम येऊनही कुत्रा पुढे पिसाळू शकतो. थांबण्याचा काळ त्या शक्यतेसाठी आहे. आपल्या देशात हा रोग रस्त्यावर आहे म्हणून गादीवर झोपणाऱ्या लॅब्रॅडॉरलाही रांगेत उभे राहावे लागते. शनवाऱ्याच्या चौकातल्या कुत्र्यांना लस देणे आणि घरच्या कुत्र्याला व्हिएन्नाला धाडणे ही एकाच कामाची दोन टोके आहेत, हे पालकांना ऐकायला आवडत नाही. आपण मात्र विसरू नये. कुत्र्यांमार्फत होणाऱ्या रेबीजच्या उच्चाटनाचा राष्ट्रीय कृती आराखडा २०२१ मध्ये आला, त्याचे लक्ष्य वर्ष २०३० आहे. ते लक्ष्य गाठेपर्यंत आपली जागा ‘जोखमीच्या’ देशांतच राहणार.

या सगळ्यात दिलासा देणारी एक तरतूद आहे आणि तिचा उपयोग आपण जवळजवळ करत नाही. एकदा टायटर उत्तीर्ण झाला आणि त्यानंतरचे बूस्टर एकही दिवस न चुकता मुदतीत टोचले गेले, तर युरोपसाठी तो टायटर कुत्र्याच्या आयुष्यभर चालतो. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राचाही नियम तसाच आहे. घरात इंजिनिअर किंवा नर्सिंग झालेली मुलगी आहे, तिच्या बोलण्यात जर्मनी-कॅनडा येते आहे, तर पिल्लाच्या पहिल्या वर्षातच चिप आणि टायटर उरकून टाका असे सुचवायला काय हरकत आहे? आज थोडा खर्च होईल, पण उद्या ऑफर आली की कुत्रा मालकाबरोबर निघू शकेल. उलट बूस्टर एका दिवसाने जरी उशिरा पडला तरी तो पुन्हा पहिली लस धरला जातो आणि सगळे चक्र नव्याने सुरू होते. ‘येत्या रविवारी आणा, चालतंय की’ हे आपण किती सहज म्हणतो!

टायटरबद्दल आणखी एक. पिल्लाला एकच डोस देऊन चार-पाच महिन्यांनी रक्त घेतले की निकाल ०.५ च्या खाली येण्याचा धोका वाढतो. प्रतिपिंडे पहिल्या डोसनंतर चार ते सहा आठवड्यांत शिखरावर जातात आणि मग उतरू लागतात. दुसरा डोस देऊन, तीस दिवस उलटताच रक्त घ्यावे. हेमोलाइझ झालेले सीरम, उन्हात तापलेला कुरिअरचा डबा, नळीवर न लिहिलेला चिप नंबर यांच्यापायी वाया गेलेले महिने कोणी भरून देत नाही.

आता कार्डाकडे वळू. आपल्या भागातल्या कार्डांवर काय असते? लसीचे नाव असते, कधी स्टिकर चिकटवलेले असते, बऱ्याचदा नुसती तारीख आणि एक वळणदार सही. बॅच नंबर नाही, लसीची मुदत नाही, चिप केव्हा बसवली आणि नंबर काय याची नोंद नाही, सही करणाऱ्याचा नोंदणी क्रमांक नाही. कितीतरी कुत्र्यांना लस मेडिकलमधून आणून गोसेवकाने टोचलेली असते. गोसेवकांच्या मेहनतीबद्दल आम्हाला आदर आहे. गावोगावची जनावरे त्यांच्यावर तगतात. पण १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याप्रमाणे आरोग्याचा दाखला देण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकाचा आहे, आणि दुसऱ्याने टोचलेल्या लसीखाली आपली सही ठोकणे हा खोटेपणा आहे. मागली तारीख टाकून देण्याचा आग्रह होतो, पालक रडकुंडीला येतात, ओळखीचे असतात. तरीही नाही म्हणावे. चिपेच्या तारखेशी आणि बॅचच्या उत्पादनाच्या तारखेशी ताडून पाहिले की अशी कागदपत्रे उघडी पडतात, आणि तेव्हा कुत्रा परक्या विमानतळावर अडकलेला असतो.

चिप बसवण्याआधी स्कॅनरने वाचा, बसवल्यावर वाचा, आणि पुढे प्रत्येक भेटीत वाचा. स्कॅनर नसलेले दवाखाने या जिल्ह्यात थोडे नाहीत. जिल्हा पशुचिकित्सालयाने एक स्कॅनर ठेवावा आणि खासगी डॉक्टरांना तो वापरू द्यावा, ही मागणी आम्ही या अंकापासून लावून धरणार आहोत.

अमेरिकेने २०२१ च्या जुलैत भारतासह जोखमीच्या देशांतून येणारे कुत्रे तात्पुरते बंदच केले होते. १ ऑगस्ट २०२४ पासून नवे नियम लागू झाले: कुत्रा किमान सहा महिन्यांचा, चिप लावलेला, भारतात लस घेतलेल्या कुत्र्यासाठी सरकारी पशुवैद्यकाने दुजोरा दिलेला ठरावीक फॉर्म, मान्य प्रयोगशाळेचा टायटर, आणि ठरावीक विमानतळांवरच्या नोंदणीकृत केंद्रात आधी केलेले आरक्षण. वैध टायटर नसेल तर तिथे अठ्ठावीस दिवस विलगीकरण, खर्च मालकाचा. मांजराला मात्र अमेरिकेचे रोगनियंत्रण केंद्र रेबीजची लससुद्धा विचारत नाही, असे सांगितले की लोक अवाक होतात. जपानला टायटरनंतर १८० दिवस थांबावे लागते. ऑस्ट्रेलियाच्या मान्य देशांत भारत बसत नाही. कुत्रा आधी मान्य देशात नेऊन तिथून सगळी तयारी करावी लागते, आणि त्यात गोचिडांमार्फत पसरणाऱ्या एर्लिकिया कॅनिसची तपासणी असते. २०२० मध्ये हा जंतू ऑस्ट्रेलियात पहिल्यांदा सापडल्यापासून ते फार सावध झाले आहेत. आपल्याकडे गोचीडतापाच्या केसेस रोज येतात. ज्या कुत्र्याला सिडनीला जायचे आहे त्याच्या गोचिडांकडे दोन वर्षे आधीपासून लक्ष हवे.

शेवटचा आठवडा हा वेगळा प्रकार आहे. युरोपसाठीचा आरोग्य दाखला दिल्यापासून दहा दिवसच प्रवेशाला चालतो. तो केंद्र सरकारच्या पशु संगरोध सेवेकडून घ्यायचा आणि आपल्या भागाला सोयीचे केंद्र मुंबईचे. ब्रिटनला जाणाऱ्या कुत्र्याला फीतकृमीचे औषध पोचण्याआधी २४ ते १२० तासांच्या दरम्यान पशुवैद्यकाने द्यावे लागते आणि वेळेसकट नोंदवावे लागते. बुऱ्हाणपूरहून पंजाब मेलने रात्र काढून मुंबई गाठणाऱ्या कुटुंबाची ती वेळ बहुतेकदा मुंबईतच येते. म्हणून मुंबईतल्या एखाद्या सहकाऱ्याशी आधीच बोलून केस त्याच्या हाती सोपवा. रेल्वेत पहिल्या वर्गाचा अख्खा कूपे किंवा केबिन घेतली तरच कुत्रा जवळ राहतो. नाहीतर गार्डच्या डब्यातली पेटी. मे महिन्यात पारा ४४-४५ वर असताना ती पेटी म्हणजे शिक्षाच. पगचे तर हाल विचारू नका. २००३ मध्ये एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत झळकल्यापासून घराघरांत शिरलेले हे चपट्या नाकाचे जनावर उन्हात धाप टाकते, आणि अनेक विमान कंपन्या ते सामानकक्षात घ्यायलाच तयार नसतात. हे पालकांना तिकीट काढल्यावर कळते.

आणि कृपा करून गुंगीचे औषध लिहून देऊ नका. एसिप्रोमेझिनने रक्तदाब घसरतो, शरीराचे तापमान सांभाळण्याची ताकद कमी होते, हलत्या पेटीत तोल राहत नाही आणि वर लक्ष ठेवायला कोणी नसते. विमान वाहतुकीची आंतरराष्ट्रीय संघटना आणि अमेरिकन पशुवैद्यक संघटना दोघीही नको म्हणतात. त्याऐवजी महिना-दीड महिना आधी पेटी घरात आणायला सांगा. तिच्यात कुत्र्याला डोके न टेकता उभे राहता, वळता आणि पाय ताणून झोपता आले पाहिजे. जेवण तिथेच, दुपारची झोप तिथेच. उरलेली भीती आपोआप ओसरते.

जाता जाता एक जुनी हकिकत. इंग्लंडचा वकील टॉमस रो १६१५ च्या नोव्हेंबरात बुऱ्हाणपुरात शाहजादा परवेझच्या भेटीला आला होता. त्याचा पाद्री एडवर्ड टेरी याने पुढे लिहिलेल्या प्रवासवर्णनात जहांगिरासाठी इंग्लंडहून पाठवलेल्या मॅस्टिफ कुत्र्यांची गोष्ट आहे. बहुतेक समुद्रातच दगावले. जे पोचले त्यांच्या दिमतीला बादशहाने नोकर दिले, पालख्या दिल्या, भरवायला चांदीचे चिमटे दिले. पोचलेल्याचे कौतुक तेव्हाही झाले. वाटेत मेलेल्यांची मोजदाद टेरीने केली म्हणून आपल्याला कळते.

म्हणून कधी कधी ‘नेऊ नका’ हेही आपणच सांगायला हवे. तेरा वर्षांचा, हृदयाची कुरकुर असलेला पॉमेरेनियन चौदा तासांच्या प्रवासाला नेण्यापेक्षा आजी-आजोबांजवळ राहिलेला बरा, जर त्यांच्याच्याने त्याचे होत असेल तर. तेही विचारावे, सत्तरीतल्या आजोबांच्या हाती जर्मन शेफर्डचा पट्टा देऊन विमानात बसणाऱ्यांची संख्या कमी नाही. पोपटाबद्दल मात्र चर्चाच नको. आपला देशी पोपट वन्यजीव कायद्याखाली येतो, तो पिंजऱ्यात ठेवणेच गुन्हा. परदेशी नेण्याचा दाखला मागणाऱ्याला आधी हे सांगा.

एक प्रश्न पालक जवळजवळ कधीच विचारत नाहीत: परत यायचे झाले तर? २०१३ पासून आपल्या देशात सामानाबरोबर जास्तीत जास्त दोन कुत्रे किंवा मांजरे आणण्याची मुभा आहे, पण ती सलग दोन वर्षे बाहेर राहून मुक्काम हलवणाऱ्याला. युक्रेनच्या युद्धात अडकलेल्या भारतीय विद्यार्थ्यांना आपली जनावरे आणता यावीत म्हणून २०२२ मध्ये एकदाच खास सवलत द्यावी लागली होती, यावरून नियमाचा कडकपणा लक्षात यावा. नोकरी सहा महिन्यांत सुटली, व्हिसा वाढला नाही, असे घडतेच. ज्याच्या हातात वर्षभराचे कंत्राट आहे त्याला मुंबईच्या पशु संगरोध केंद्राकडून परतीचे उत्तर लेखी घेऊनच विमानाचे तिकीट काढायला सांगा.